मजला चढवताय? सेप्टिक टाकी आधी नकाशावर आणा

सेप्टिक टाकी मोठी करायचा अर्ज कुठे मिळतो, असं बरेच जण विचारतात. असा सुटा अर्ज सहसा नसतोच. वाढीव बांधकामाच्या परवानगीतच टाकीचा तपशील दाखवायचा असतो. आणि नेमकं तेच राहून जातं: स्लॅबची चर्चा महिनाभर, टाकी मात्र ‘आहे ती चालेल’.

ती चालेल का, हे माणसांवरून ठरतं. आयएस २४७० या भारतीय मानकात ५ जणांसाठी दीड मीटर लांब, ७५ सेंमी रुंद आणि पाण्याची खोली १ मीटर, असं माप दिलं आहे. १० जणांसाठी २ मीटर बाय ९० सेंमी. खोली तीच १ मीटर, पण दरवर्षी टाकी उपसणार असाल तरच. दोन वर्षांनी उपसायची तर १.४ मीटर हवी. आज घरात किती जण राहतात हे धरू नका, वरच्या मजल्यावर भाडेकरू आले तर किती होतील ते धरा.

घरासमोरून भुयारी गटार गेली असेल तर टाकीचा विचार सोडा आणि जोडणी मागा. गटार नसेल तर खरी अडचण शोषखड्ड्याची, म्हणजे टाकीतून बाहेर पडणारं पाणी जमिनीत जिरवणाऱ्या खड्ड्याची. तो विहीर-बोअरपासून किमान १८ मीटर आणि राहत्या इमारतीपासून ६ मीटर लांब हवा. दोन गुंठ्यांच्या प्लॉटवर हे जुळवताना घाम फुटतो, कारण शेजाऱ्याची बोअरही मोजावी लागते. त्यातून काळी माती असेल तर पाणी सहजासहजी जिरत नाही. म्हणून खड्डा खणून पाणी किती वेळात मुरतं हे इंजिनिअरकडून आधी तपासून घ्या.

अर्ज शहरात नगरपरिषद किंवा महापालिकेच्या बांधकाम परवानगी विभागाकडे, परवानाधारक आर्किटेक्ट किंवा इंजिनिअरमार्फत करायचा. गावठाणात आधी ग्रामपंचायतीत विचारा. मुंबई वगळता राज्याच्या बहुतेक भागात डिसेंबर २०२० ची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू आहे. चटईक्षेत्र (प्लॉटवर एकूण किती बांधता येतं ती मर्यादा) शिल्लक असेल, सामासिक अंतरं (हद्दीपासून मोकळी सोडायची जागा) सुटत असतील आणि मूळ घर मंजूर असेल, तरच पुढची बात. मूळ घर अनधिकृत असेल तर आधी ते नियमित करून घ्यावं लागतं.

कागद हे लागतात: सातबारा किंवा मिळकत पत्रिका, मोजणी नकाशा, बिनशेती आदेश (असल्यास), जुना मंजूर नकाशा व भोगवटा प्रमाणपत्र (घर वापरायला परवानगी दिल्याचा दाखला), घरपट्टीची पावती, सहहिस्सेदारांची संमती, आणि जुना पाया नवा भार पेलेल असा स्ट्रक्चरल इंजिनिअरचा दाखला. नव्या नकाशात टाकी, शोषखड्डा, व्हेंट पाईप (टाकीतला वायू बाहेर सोडणारा) आणि विहिरीपासूनचं अंतर मापासह दाखवा. परवानगीची मुदत एक वर्ष असते, काम रेंगाळलं तर नूतनीकरण करून घ्या.

जुनी टाकी फोडण्याआधी उपसावी लागते. त्यासाठी सक्शनची गाडीच बोलवा. ‘पाचशे रुपयांत माणूस उतरवतो’ म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. आतल्या वायूने माणूस मिनिटांत जातो, आणि हाताने मैला साफ करून घेण्यावर बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्यानुसार असं काम करून घेणाऱ्याला पहिल्याच गुन्ह्यात दोन वर्षांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

नवी टाकी झाकण्यापूर्वी इंजिनिअरकडून मापं तपासून फोटो काढून ठेवा. वर फरशी बसल्यावर भोगवटा प्रमाणपत्राच्या वेळी टाकीची खोली कोणालाच दाखवता येत नाही.