जीएम अन्नपिकाची अ‍ॅलर्जी-छाननी: अर्ज कोणी करायचा, कागदपत्रे कोणती आणि प्रस्ताव कुठे अडतो

जनुकीय बदल केलेले पीक माणसाच्या खाण्यात यायचे असेल, तर त्यातून अ‍ॅलर्जीचा नवा धोका निर्माण होत नाही, याची छाननी आधी पार पडावी लागते. अन्नाची आंतरराष्ट्रीय मानके ठरवणाऱ्या कोडेक्स अ‍ॅलिमेंटेरियस आयोगाने २००३ साली स्वीकारलेल्या मार्गदर्शक सूचनांना या विषयाचे एक स्वतंत्र जोडपत्र आहे आणि देशोदेशीच्या नियामक संस्था थोड्याफार फरकाने तीच चौकट वापरतात. जोडपत्र मोजक्या पानांचे आहे. तरीही प्रस्ताव त्रुटी काढून परत येत राहतात, आणि बहुतेक वेळा दोष पिकात नसून बाडात असतो.

अर्ज पीक विकसित करणाऱ्याने करायचा असतो आणि तो प्रत्येक ‘इव्हेंट’साठी, म्हणजे पिकात जनुक घालण्याच्या प्रत्येक वेगळ्या घटनेसाठी, वेगळा असतो. तेच जनुक त्याच पिकात दुसऱ्यांदा घातले तरी ते गुणसूत्रावर दुसऱ्या जागी बसते, म्हणून जुन्या मंजुरीचा हवाला देऊन काम भागत नाही. विहित नमुना, शुल्क आणि प्रतींची संख्या त्या त्या संस्थेच्या सूचनेत दिलेली असते. तिथे सहसा कोणी अडत नाही.

अडचण सुरू होते ती एका गैरसमजापासून. अर्जदार ही छाननी उत्तीर्ण-अनुत्तीर्ण अशी परीक्षा समजतात आणि एक चाचणी चांगली आली की बाकीची प्रकरणे दोन-दोन ओळींत उरकतात. एखादे प्रथिन माणसात अ‍ॅलर्जी निर्माण करील की नाही, हे खात्रीने सांगणारी एकही चाचणी आज उपलब्ध नाही. म्हणूनच कोडेक्सने सर्व पुरावे एकत्र तोलण्याची पद्धत ठेवली आहे. एक कागद भक्कम असला तरी दुसरा गहाळ असेल, तर तोलायलाच काही उरत नाही.

पहिला कागद जनुकाच्या मूळ स्रोताचा. तो किती महत्त्वाचा आहे, हे ब्राझील नटच्या उदाहरणावरून कळते. सोयाबीनमध्ये मिथिओनिन हे अमिनो आम्ल वाढावे म्हणून ब्राझील नटमधील २एस अल्ब्युमिन या प्रथिनाचे जनुक सोयाबीनमध्ये घालण्यात आले. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या तपासणीत ब्राझील नटची अ‍ॅलर्जी असलेल्या ९ जणांपैकी ८ जणांच्या सीरममधील (रक्तातील पेशी व गोठणारा भाग काढल्यावर उरणाऱ्या द्रवातील) प्रतिपिंडे या प्रथिनाला चिकटली, आणि ते सोयाबीन बाजारात आलेच नाही. छाननीने आपले काम चोख केले ते स्रोताकडे लक्ष दिल्यामुळे. मात्र प्रस्तावात अनेकदा एकच वाक्य असते: ‘मूळ जीवाला अ‍ॅलर्जीचा इतिहास नाही.’ कुठे शोधले, कोणत्या काळातील संशोधन पाहिले आणि कोणत्या शब्दांनी शोध घेतला, हे लिहिल्याशिवाय या वाक्याला पुरावा म्हणता येत नाही. शिवाय मूळ जीव मातीतला जीवाणू असेल, तर तो कोणी खातच नाही. त्याचा इतिहास कोरा असणे यातून फारसे काही सिद्ध होत नाही, आणि अशा वेळी पुढच्या चाचण्यांवर जास्त भार येतो.

दुसरा कागद अमिनो आम्लांच्या क्रमाच्या तुलनेचा. नव्या प्रथिनाचा क्रम ज्ञात अ‍ॅलर्जनांच्या, म्हणजे अ‍ॅलर्जी निर्माण करणाऱ्या प्रथिनांच्या, डेटाबेसशी ताडून पाहतात आणि सलग ८० अमिनो आम्लांच्या खंडात ३५ टक्क्यांहून अधिक साम्य आढळले तर पुढची तपासणी आवश्यक ठरते. येथे दोन चुका पुन्हापुन्हा दिसतात. एक म्हणजे संपूर्ण प्रथिनाची सरासरी टक्केवारी देणे, ज्यात एखाद्या खंडातले साम्य बुडून जाते. दुसरी तारखेची. अ‍ॅलर्जनांच्या यादीत सतत भर पडत असते, आणि अर्जदार मात्र संशोधनाच्या सुरुवातीला, म्हणजे कधीकधी तीन-चार वर्षांपूर्वी केलेला शोध जोडतात. शोध प्रस्ताव दाखल करण्याच्या सुमारास, यादीच्या ताज्या आवृत्तीवर पुन्हा करावा आणि आवृत्ती व तारीख अहवालावर स्पष्ट लिहावी. काही तासांच्या या कामासाठी महिनोन्‌महिने ताटकळलेले अर्जदार मी पाहिले आहेत. जनुक जिथे बसले त्या सांध्यांवर चुकून आणखी एखादे नवे प्रथिन तयार होऊ शकते का, हेही तपासायचे असते, आणि नेमका हा भाग बाडातून सर्रास सुटतो.

तिसऱ्या कागदावर मी मुद्दाम थांबतो, कारण सर्वाधिक त्रुटी इथेच निघतात. वनस्पतीत नवे प्रथिन इतके कमी असते की चाचण्यांसाठी ते बहुधा जीवाणूंत तयार करून घेतात. यात गैर काही नाही. पण मग जीवाणूतले आणि पिकातले प्रथिन एकच आहे हे दाखवणारा पुरावा हवा: आकारमान, क्रम, क्रियाशीलता, प्रतिपिंडांशी होणारी अभिक्रिया आणि साखरेच्या साखळ्या जोडल्या गेल्या आहेत की नाही. ई. कोलायसारखा नेहमीचा जीवाणू वनस्पतीप्रमाणे या साखळ्या जोडत नाही. घेवड्यातील अल्फा-अमायलेज रोधकाचे (पिष्ट पचवणाऱ्या विकराला रोखणाऱ्या प्रथिनाचे) जनुक वाटाण्यात घातले तेव्हा त्या प्रथिनाची घडण बदलली आणि उंदरांत त्याला प्रतिकारशक्तीचा प्रतिसाद उमटला, असे २००५ साली ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी नोंदवले आणि ते काम थांबवण्यात आले. पुढे दुसऱ्या संशोधकांना साध्या घेवड्यानेही तसाच प्रतिसाद मिळाला, त्यामुळे उंदरांवरील निष्कर्षाबद्दल मतभेद राहिले. पण यजमान वनस्पती बदलली की प्रथिन तपासून पाहावे लागते, हा मुद्दा त्यामुळे कमकुवत होत नाही.

त्याला जोडूनच पेप्सिन या जठरातील पाचक विकराची चाचणी येते. जठरासारख्या आम्लात, ३७ अंश सेल्सिअसला, प्रथिन किती वेळात तुटते हे पाहतात आणि अर्ध्या मिनिटापासून साठ मिनिटांपर्यंतचे नमुने प्रथिने आकारानुसार वेगळी करणाऱ्या जेलवर शेजारीशेजारी चालवतात. जेलचे छायाचित्र नीट पाहावे. पेप्सिनचा स्वतःचा पट्टा सुमारे ३५ किलोडाल्टनजवळ (हे प्रथिनाच्या रेणूचे वजन मोजण्याचे एकक) उमटतो. तुमचे प्रथिन तेवढ्याच आकाराचे असेल, तर ते तुटले की पेप्सिनच्या पट्ट्याखाली लपले हे डोळ्यांना कळत नाही. म्हणून केवळ पेप्सिनची आणि पेप्सिनशिवाय प्रथिनाची अशा तुलनेसाठीच्या दोन्ही नियंत्रण रांगा हव्यातच, आणि शून्य मिनिटाच्या नमुन्यात प्रथिन घालण्यापूर्वी पेप्सिन निष्क्रिय केलेले असावे. प्रथिन लवकर तुटले म्हणजे धोका संपला, असे मात्र लिहू नये. कोडेक्सला तो निष्कर्ष मान्य नाही. उलट टिकाऊपणा शंकेला पुरतो. अमेरिकेत स्टारलिंक मक्याला १९९८ साली केवळ पशुखाद्यासाठी परवानगी मिळाली, कारण त्यातील क्राय९सी प्रथिन पचनात टिकून राहत होते. २००० साली तोच मका माणसांच्या खाद्यपदार्थांत सापडला आणि माल परत बोलवावा लागला.

आता तो कागद, जो जवळपास कोणाकडेच नसतो. मूळ स्रोत अ‍ॅलर्जीकारक असेल किंवा क्रमात साम्य आढळले असेल, तर त्या अ‍ॅलर्जीच्या रुग्णांच्या सीरमवर आयजीई, म्हणजे अ‍ॅलर्जी घडवून आणणाऱ्या, प्रतिपिंडांची चाचणी करावी लागते. नवे प्रथिन अ‍ॅलर्जन नाही याच्या ९९ टक्के खात्रीसाठी प्रमुख अ‍ॅलर्जन (त्या अ‍ॅलर्जीच्या बहुतेक रुग्णांना बाधणारे) असल्यास किमान ८ आणि गौण (थोड्यांनाच बाधणारे) असल्यास किमान २४ योग्य सीरम लागतात, असे अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या तज्ज्ञांनी २००१ साली सांगितले. इतके सीरम मिळतीलच असे नाही, हे कोडेक्सच्या त्याच जोडपत्रात नमूद आहे. आकडा मागायचा आणि तो कुठून आणायचा हे अर्जदारावर सोपवून मोकळे व्हायचे, ही रीत अन्यायाची आहे आणि छोट्या सार्वजनिक संशोधन केंद्रांना ती सर्वात जड जाते. तरीही मोकळी जागा सोडू नये. किती ठिकाणी विचारणा केली, किती सीरम मिळाले, रुग्णांचे निदान कसे झाले होते आणि संमती व नीतिमत्ता समितीची मान्यता कुठे आहे, हे सर्व जोडावे. पाच सीरम प्रामाणिकपणे मांडलेले छाननी समिती विचारात घेऊ शकते. कोरे पान विचारात घेता येत नाही.

गहू, राय, बार्ली, ओट किंवा त्यांच्या जवळच्या धान्यांतून जनुक घेतले असेल, तर ग्लुटेनमुळे होणाऱ्या आतड्याच्या विकाराची तपासणी वेगळी करावी लागते. तो विकार आयजीईमुळे होत नसल्याने वरील सीरमची चाचणी तिथे निरुपयोगी आहे. पीक सोयाबीनसारखे मुळातच अ‍ॅलर्जीकारक असेल, तर बदलामुळे त्याची स्वतःची अ‍ॅलर्जने वाढली का, हेही अनेक ठिकाणी विचारतात. तुलनेसाठी बदल न केलेला जवळचा वाण त्याच शेतात, त्याच हंगामात घेतलेला असावा. हंगाम हुकला तर पूर्ण वर्ष जाते, म्हणून हे पेरणीआधीच ठरवावे.

त्रुटीपत्र आले तर उत्तराची मुदत कोणत्या दिवसापासून मोजायची, हे पत्रातच वाचून घ्यावे. पत्राची तारीख आणि ते हाती पडल्याची तारीख यांत गल्लत होऊन मुदत संपलेली प्रकरणे थोडी नाहीत. नवी चाचणी त्या मुदतीत होणार नसेल तर मुदत संपण्यापूर्वी लेखी वाढ मागावी आणि पोच जपून ठेवावी.