एकोणीस वर्षांच्या पोराची हुर्यो

२५ जून २०१५ ची रात्र. न्यू यॉर्कच्या ब्रुकलिन भागातलं बार्कलेज सेंटर खच्चून भरलेलं. एनबीए या अमेरिकन बास्केटबॉल लीगचे आयुक्त ॲडम सिल्व्हर मंचावर आले आणि त्यांनी नाव वाचलं: क्रिस्टॅप्स पोर्झिंगिस. वय १९, उंची ७ फूट ३ इंच, गाव लात्वियातलं लिएपाया. न्यू यॉर्क निक्स या संघानं त्या वर्षीच्या नव्या खेळाडूंमधून चौथ्या क्रमांकावर त्याला निवडलं होतं. काडीसारखा बारीक तो पोरगा उठला, निक्सची टोपी डोक्यावर चढवली आणि मंचाकडे निघाला. तेवढ्यात निक्सच्याच चाहत्यांनी त्याची हुर्यो उडवायला सुरुवात केली. कॅमेरा गर्दीवरून फिरताना एका लहान मुलावर थांबला. तो चक्क रडत होता.

ही चित्रफीत मी कितीतरी वेळा पाहिली आहे आणि दरवेळी माझं लक्ष पोर्झिंगिसच्या चेहऱ्याकडे जातं. आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या क्षणी, ज्यांच्यासाठी खेळायचं त्याच लोकांची हुर्यो ऐकत तो चालतोय. त्या संघासाठी तो अजून एक मिनिटही खेळला नव्हता. चाहत्यांपैकी बहुतेकांनी त्याचा एकही सामना पाहिलेला नसणार. मग एवढा राग आला कुठून?

आधी ही निवड कशी होते ते पाहू. आयपीएलच्या लिलावाची आपल्याला सवय आहे, तिथे ज्याच्या खिशात पैसा तो बोली लावतो. एनबीएच्या ‘ड्राफ्ट’मध्ये बोली नसते, पाळी असते. नव्या खेळाडूंमधून एकेक संघ क्रमानं एकेकाला उचलतो, आणि दुबळ्या संघांना बळ मिळावं म्हणून त्यांची पाळी आधी येते. पण पहिली पाळी मिळावी म्हणून संघांनी मुद्दाम हरत बसू नये, यासाठी मध्ये एक सोडत घातलेली आहे.

या सोडतीचं गणित मोठं छान आहे. एका यंत्रात १ ते १४ आकडे लिहिलेले टेबल टेनिससारखे चेंडू फिरत असतात आणि त्यातून चार बाहेर काढतात. क्रम धरला नाही, तर १४ मधून ४ आकड्यांचे १००१ संच होतात. एक संच बाजूला काढून उरलेले १००० संघांमध्ये आधीच वाटून ठेवलेले असतात. २०१५ मध्ये सगळ्यात तळाच्या संघाला २५० संच मिळत, त्याच्या वरच्या संघाला १९९. सोडत फक्त पहिल्या तीन जागांसाठी असे, पुढचे क्रम हंगामातल्या कामगिरीवरून लागत.

निक्सनं त्या हंगामात ८२ पैकी अवघे १७ सामने जिंकले होते. संघाच्या इतिहासातला तो सगळ्यात वाईट हंगाम. तळापासून ते दुसरे, म्हणजे पहिल्या पाळीची शक्यता १९.९ टक्के. पहिल्या तिघांत कुठेतरी नंबर लागण्याची शक्यता सुमारे ५६ टक्के. चाहत्यांनी हाच आकडा मनात धरला. पण एकेक जागा सुटी करून पाहिली, तर सगळ्यात जास्त शक्यता चौथ्या जागेची होती, जवळजवळ ३२ टक्के. मे महिन्यात सोडत निघाली आणि निक्सच्या वाट्याला चौथीच पाळी आली. गणिताच्या दृष्टीनं यात आश्चर्य काहीच नव्हतं. चाहत्यांना मात्र हातातला घास हिरावल्यासारखं वाटलं.

म्हणजे जूनच्या त्या रात्री सभागृहात बसलेला चाहता आधीच तोट्यात होता. कार्ल-अँथनी टाउन्स, डी'अँजेलो रसेल आणि त्याच एप्रिलमध्ये ड्यूक विद्यापीठाला अमेरिकेतलं महाविद्यालयीन विजेतेपद मिळवून देणारा जाहलिल ओकाफोर ही तिन्ही ओळखीची नावं डोळ्यांदेखत दुसऱ्या संघांकडे गेली होती.

इथे मेंदूशास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्ट्झ यांच्या प्रयोगांकडे वळू या. माकडांच्या मेंदूतल्या डोपामिन हे रसायन स्रवणाऱ्या चेतापेशींमध्ये अतिसूक्ष्म तार घालून शुल्ट्झ त्या पेशींची टिकटिक ऐकत. माकडाला अचानक फळांच्या रसाचा थेंब मिळाला की पेशी जोरात धडधडत. पुढे रसाआधी दरवेळी एक खूण दाखवायला सुरुवात केली. माकडाला ती सवयीची झाली तशी धडधड रसावरून सरकून खुणेवर आली, आणि रस मिळाल्यावर पेशी गप्प राहू लागल्या. मग एकदा खूण दाखवून रस दिलाच नाही. नेमक्या ज्या क्षणी थेंब पडायला हवा होता, त्या क्षणी पेशींची नेहमीची संथ टिकटिकही थांबली. १९९७ साली शुल्ट्झ, पीटर डायन आणि रीड माँटेग्यू यांनी हे निष्कर्ष एका सूत्रात मांडले: या पेशी सांगतात तो मिळालेलं आणि अपेक्षित यांच्यातला फरक.

आपल्या घरांतही हे रोज दिसतं. पगारात दोन हजारांची वाढ झाली, तर आनंद व्हायला हवा. पण पाच हजारांची आशा लावून बसलेला माणूस तेच दोन हजार घेऊन तोंड पाडून घरी येतो.

आता निक्सचा चाहता डोळ्यांसमोर आणा. ६५ पराभव पाहिल्यावर त्याच्यासाठी ड्राफ्टची रात्र हीच ती खूण होती. रसाचा थेंब येणार म्हणून तो टक लावून बसलेला आणि कानावर पडलं ते धड उच्चारताही न येणारं नाव. चांगलं की वाईट, हे ठरवायला त्याच्याकडे माहितीच नव्हती. हाती होती ती फक्त तूट.

माहिती नसली की मेंदू आठवणीतून उधारी करतो. एक सोपा खेळ करून पाहा. ‘र’नं सुरू होणारे शब्द आठवा, मग ‘र’ हे तिसरं अक्षर असलेले शब्द आठवा. पहिले भराभर सुचतात, दुसऱ्यांसाठी डोकं खाजवावं लागतं, आणि त्यावरून पहिल्या प्रकारचेच शब्द भाषेत जास्त आहेत असं आपण धरून चालतो. ॲमॉस ट्वर्स्की आणि डॅनियल कानमन या मानसशास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये इंग्रजी अक्षरांवर याच धर्तीचा प्रयोग करून दाखवून दिलं, की जे पटकन आठवतं ते माणसाला जास्त संभवनीय वाटतं.

युरोपातून आलेला उंच, अनोळखी पोरगा म्हटल्यावर निक्सच्या चाहत्याला पटकन काय आठवणार? १९९९ साली संघानं फ्रेडरिक वाइस या उंच फ्रेंच खेळाडूला १५ व्या क्रमांकावर घेतलं होतं आणि तो एनबीएत एकही सामना खेळला नाही. त्याच्या पाठोपाठ १६ व्या क्रमांकावर दुसऱ्या संघानं उचललेला रॉन आर्टेस्ट न्यू यॉर्कचाच घरचा पोर होता आणि पुढे नावाजला. ही ठसठस जुनी. शिवाय २००३ चा डार्को मिलिचिच होताच. सर्बियाच्या या मुलाला डेट्रॉइटनं दुसऱ्या क्रमांकावर घेतलं आणि त्याच्यामागून कार्मेलो अँथनी, ख्रिस बॉश, ड्वेन वेड असे एकाहून एक खेळाडू निघाले. १९९८ साली नवव्या क्रमांकावर निवडला गेलेला जर्मनीचा डर्क नोवित्झकीही तसाच उंच, तसाच लांबून नेम साधणारा. पुढे त्यानं डॅलसला २०११ चं विजेतेपद मिळवून दिलं. पण तो दुसऱ्याच्या घरातला आनंद होता. आपल्या घरातली जखम आधी आठवते.

एकट्याची निराशा गर्दीची हुर्यो कशी होते, हाही प्रश्न आहेच. समाजशास्त्रज्ञ स्टीव्हन क्लेमन यांनी राजकीय भाषणं आणि वादविवाद यांतल्या टाळ्या आणि हुर्यो बारकाईनं तपासून १९९३ मध्ये एक लेख लिहिला. टाळी लगेच पडते, माणूस ती स्वतःच्या मनानं वाजवतो. हुर्यो मात्र जरा थांबून येते. आधी कुजबुज, चुळबुळ, मग लोक कानोसा घेतात, आजूबाजूच्यांनाही हेच वाटतंय याची खात्री करतात आणि मग आवाज चढतो. नापसंती एकट्यानं दाखवायला भीती वाटते, सोबत मिळाली की ती भीती जाते. हे वाचल्यापासून गर्दीचा आवाज मला वेगळा ऐकू येतो. पाच हजार लोक ओरडतात, म्हणजे पाच हजार लोकांनी स्वतंत्रपणे विचार केला, असं नसतं.

या सगळ्याच्या मुळाशी एक छोटा शब्द आहे: आपण. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चालडिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये अमेरिकेतल्या सात विद्यापीठांतला अभ्यास प्रसिद्ध केला. शनिवारी विद्यापीठाचा अमेरिकन फुटबॉलचा संघ जिंकला, की सोमवारी वर्गात विद्यापीठाच्या नावाचे कपडे घालून येणारे विद्यार्थी वाढायचे. फोनवर सामन्याबद्दल विचारलं तर जिंकल्यावर ‘आपण जिंकलो’, हरल्यावर ‘ते हरले’. हे फक्त बोलण्यापुरतं राहत नाही. एडवर्ड हर्ट यांच्या गटानं १९९२ मध्ये इंडियाना विद्यापीठात पाहिलं, की आपला बास्केटबॉल संघ हरताना बघितलेल्या कट्टर चाहत्यांचा स्वतःच्या कुवतीचा अंदाजही खाली येतो. सामना हरले दुसरेच, पण अक्षरं जुळवून शब्द ओळखण्याचं साधं कोडं आपल्याला सुटेल का, इथपर्यंत मन खचलेलं. १९९८ च्या आणखी एका अभ्यासात पुरुष चाहत्यांची लाळ सामन्याआधी आणि नंतर तपासली. जिंकलेल्या बाजूच्या चाहत्यांमध्ये टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक वाढलं होतं, हरलेल्यांमध्ये घटलं होतं. ही सगळी मंडळी प्रेक्षक होती, चेंडूला कोणी हातही लावला नव्हता. तो रडणारा लहान मुलगा म्हणूनच मला अजिबात नाटकी वाटत नाही.

बरं, चाहते अडाणी आणि संघ चालवणारे जाणते, असं म्हणावं तर तेही तितकंसं खरं नाही. २०१३ मध्ये १४ संघांनी हात आखडल्यावर १५ व्या क्रमांकावर गेलेला यानिस अँटेटोकुनपो आणि २०१४ मध्ये थेट ४१ व्या क्रमांकावर निवडला गेलेला निकोला योकिच हे दोघंही पुढे लीगचे सर्वोत्तम खेळाडू ठरले, तेही एकापेक्षा अधिक वेळा. एकोणीस वर्षांच्या शरीराचं पुढे काय होईल, हे वर्तवणं अवघडच. त्यातही बॅरी स्टॉ आणि हा होआंग यांनी १९९५ मध्ये जे दाखवलं ते फार बोलकं आहे. १९८० च्या दशकातल्या निवडींची आकडेवारी त्यांनी तपासली. मैदानावरची कामगिरी सारखी धरली, तरी वरच्या क्रमांकानं निवडलेल्यांना खेळायला जास्त मिनिटं मिळत आणि त्यांची कारकीर्दही जास्त वर्षं चालत असे. आपण भारी किंमत मोजून आणलेली वस्तू वाईट आहे, हे कबूल करणं जाणत्यांनाही जड जातं. म्हणजे क्रमांक हा नुसता अंदाज उरत नाही, पुढची वाटही काही प्रमाणात तोच आखतो.

निवडीनंतर पोर्झिंगिसनं हुर्योबद्दल तक्रार केली नाही. हुर्यो उडवणाऱ्यांना टाळ्या वाजवायला लावेन, अशा अर्थाचं तो बोलला. हंगाम ऑक्टोबरच्या अखेरीस सुरू झाला. दुसऱ्याचा हुकलेला नेम हवेतच झेलून तो बास्केटमध्ये ठासायचा आणि थोड्याच आठवड्यांत मॅडिसन स्क्वेअर गार्डन या निक्सच्या घरच्या मैदानात त्याच्या नावाचा गजर होऊ लागला, तेही जूनमध्ये कुणाला उच्चारता न येणाऱ्या नावाचा. त्या वर्षी त्यानं ७२ सामन्यांत सरासरी १४.३ गुण आणि ७.३ रिबाउंड (नेम हुकल्यावर पकडलेले चेंडू) मिळवले. कामगिरी उत्तमच होती, पण गजर तिच्याहून मोठा होता. शुल्ट्झच्या माकडांकडे पाहिलं की कारण कळतं. अपेक्षा जमिनीला टेकली होती, त्यामुळे प्रत्येक बास्केट हा न मागता पडलेला रसाचा थेंब होता.

‘या निवडीनं आपली दहा वर्षं वाया गेली’ असं त्या रात्री वाटलेल्यांना सकाळी काय वाटलं असेल, याचीही कल्पना करता येते. टिमोथी विल्सन, डॅनियल गिल्बर्ट आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये फुटबॉलच्या चाहत्यांना विचारलं होतं, की निकालाचा परिणाम तुमच्या मनावर किती दिवस राहील. लोकांनी सांगितलेला काळ प्रत्यक्षापेक्षा बराच जास्त निघाला. पण त्या दिवसांत आणखी काय काय करायचं आहे, हे ज्यांना आधी लिहून काढायला लावलं, त्यांचा अंदाज सुधारला. परीक्षा, अभ्यास, मित्र, झोप हे सगळं निराशेच्या क्षणी हिशोबातून सुटलेलं असतं.

पुढे पोर्झिंगिसच्या गुडघ्याला फेब्रुवारी २०१८ मध्ये गंभीर दुखापत झाली आणि जानेवारी २०१९ मध्ये निक्सनं त्याला डॅलसकडे पाठवलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तो पाहुण्या संघाकडून गार्डनमध्ये खेळायला आला, तेव्हा पुन्हा त्याची हुर्यो उडाली. या वेळची मात्र जुन्या नात्याची होती. ओळख होती, गजर करून झालेला होता, म्हणून दुखत होतं.

जाता जाता, २०१५ च्या त्याच ड्राफ्टमधलं आणखी एक नाव. चौथ्या क्रमांकाची हुर्यो होऊन काही तास उलटले होते, भारतात २६ जूनची सकाळ उजाडली होती. डॅलसनं ५२ व्या क्रमांकावर सतनाम सिंग भामरा याला निवडलं. पंजाबातल्या बल्लो के या खेड्यातला, तोही १९ वर्षांचाच, उंची ७ फूट २ इंच. भारतात जन्मलेला एनबीए ड्राफ्टमधला तो पहिला खेळाडू. त्या रात्री एकूण ६० जण निवडले गेले, म्हणजे त्याच्यामागे फक्त आठ उरले होते. एनबीएच्या मुख्य हंगामात त्याला पुढे एकही सामना खेळायला मिळाला नाही. पण त्या सकाळी आपल्याकडे कुणी क्रमांक मोजत बसलं नाही. आपलं नाव त्या यादीत येईल, असं कुणी धरूनच चाललेलं नव्हतं.