बहिरी ससाणा ओळखताना

ताशी ३०० किलोमीटरहून अधिक वेगाने भक्ष्यावर सूर मारणारा पक्षी म्हणून बहिरी ससाणा प्रसिद्ध आहे. पण त्याला ओळखण्यासाठी निरीक्षकाला या वेगाचा फारसा उपयोग होत नाही. असा सूर क्वचितच पाहायला मिळतो आणि मिळालाच, तर काही सेकंदांत संपतो. एरवी हा पक्षी तासन्‌तास एखाद्या कड्यावर किंवा उंच मनोऱ्यावर बसून असतो, नाहीतर आकाशात ठिपक्याएवढा दिसतो. म्हणून रंगाआधी त्याचा आकार आणि उडण्याची ढब यांकडे लक्ष द्यावे.

भरदार छाती, मुळाशी रुंद आणि टोकाला निमुळते पंख व त्यामानाने आखूड शेपटी यांमुळे, पंख किंचित मागे घेऊन जाणाऱ्या बहिरी ससाण्याची आकृती जहाजाच्या नांगरासारखी भासते. पंखांची फडफड उथळ आणि ताठ असते व मधूनमधून तो पंख न हलवता तरंगत जातो. हवेत एकाच जागी पंख फडफडवत थांबलेला पक्षी बहुधा खरुची हा छोटा ससाणा असतो, तर शिक्रा या छोट्या शिकारी पक्ष्याचे पंख आखूड व टोकाला गोलाकार आणि शेपटी लांब असते.

पक्षी बसलेला असेल, तर रंग कामी येतो. प्रौढाची पाठ निळसर राखाडी, पोटावर आडव्या गडद रेघा आणि डोळ्याखालून गालावर उतरणारी रुंद काळी ‘मिशी’ असते. पहिल्या वर्षातील पक्षी मात्र तपकिरी असतो आणि त्याच्या अंगाखालच्या रेघा उभ्या असतात. अनेकांची फसगत येथेच होते. त्यातच या जातीच्या सुमारे १९ उपजाती मानल्या जातात. टुंड्रा प्रदेशातून स्थलांतर करणारे पक्षी आकाराने मोठे व फिकट असतात, तर दक्षिण आशियात राहणारा शाहीन गडद डोक्याचा आणि तांबूस पोटाचा असतो. नुसत्या आकारमानावर तर मुळीच विसंबू नये, कारण मादी नरापेक्षा बरीच मोठी आणि वजनदार असते.

ससाणा दिसण्यापूर्वी पुष्कळदा त्याची वर्दी इतर पक्षीच देतात. पाणथळीवरचे सगळे पक्षी एकाएकी उडाले किंवा कबुतरांचा थवा दाटीवाटीने वळणे घेऊ लागला, तर नजर त्या थव्यापेक्षा बरीच वर न्यावी.

विणीच्या हंगामात निरीक्षण सर्वांत रंजक असते, आणि सर्वांत जोखमीचेही. बहिरी ससाणा काटक्यांचे घरटे बांधत नाही; कपारीतील माती उकरून केलेल्या उथळ खळग्यात मादी बहुधा ३ ते ४ अंडी घालते आणि ती महिनाभर उबवली जातात. विसाव्या शतकाच्या मध्यात डीडीटी या कीटकनाशकामुळे अंड्यांची कवचे पातळ होऊन युरोप व उत्तर अमेरिकेत ही जात झपाट्याने घटली होती. अमेरिकेने १९७२ मध्ये या कीटकनाशकाच्या वापरावर व्यापक बंदी घातल्यानंतर आणि बंदिस्त प्रजननातून वाढवलेले पक्षी निसर्गात सोडल्यानंतर तिथे ती सावरली. आज रसायनाइतका नसला, तरी कड्याशी सलगी करणाऱ्या माणसाचा उपद्रवही काही लहान नाही, कारण मादी उठून गेली की अंडी गार पडतात. पक्षी ‘कॅक-कॅक-कॅक’ असा कर्कश गलका करू लागला, तर आपण फार जवळ आलो आहोत असे समजून तत्काळ मागे फिरावे.

पिल्ले साधारण सहा आठवड्यांनी उडू लागतात. त्यानंतरचे काही आठवडे दूरवरून दुर्बिणीने पाहण्यास उत्तम, कारण पिल्ले सतत ओरडत असल्याने सहज सापडतात, आणि नर-मादी हवेतच भक्ष्य सोडून देतात तेव्हा ते झेलण्याची पिल्लांची धडपड उघड्यावर पाहता येते.