पोटाचा टीबी: निदान एवढं अवघड का झालं

छातीचा टीबी असला की बेडका तपासता येतो, पोटाच्या टीबीत असं सहज हाती लागणारं काही नसतं, खरी अडचण तिथूनच सुरू होते. रॉबर्ट कॉखने २४ मार्च १८८२ ला बर्लिनमध्ये टीबीचा जंतू सापडल्याचं जाहीर केलं, पण आतड्यात हे जंतू इतके थोडे असतात की मायक्रोस्कोपखाली बरेचदा दिसतच नाहीत.

म्हणून कितीतरी वर्षं ऑपरेशनला पोट उघडलं की मगच नक्की कळायचं. नंतर बेरियम (एक्स-रेत पांढरं दिसणारं औषध) पाजून एक्स-रे काढायला लागले, लहान आतडं मोठ्याला मिळतं तो उजवीकडचा कोपरा आक्रसून वर ओढला गेलेला दिसला की टीबीचा संशय पक्का व्हायचा. (पेशंट सांगतो तो 'पोटात गोळा फिरतो' बहुतेक तिथल्याच अरुंद झालेल्या आतड्यामुळे.)

मग १९३२ मध्ये न्यूयॉर्कच्या क्रोन, गिन्झबर्ग आणि ओपनहायमर यांनी १४ पेशंटवरून वेगळाच आजार मांडला, तोही त्याच कोपऱ्यात, तसाच दिसणारा, पण टीबी नसलेला, तोच आजचा क्रोन्स. तेव्हापासूनचा हा घोळ आपल्याकडे अजून चालूच आहे कारण आपल्याकडे आता दोन्ही आजार आहेत, आणि क्रोन्स समजून स्टेरॉइड दिलं आणि निघाला टीबी तर तो उफाळतो, उलट टीबीच्या गोळ्या देत राहिलं तर क्रोन्सचे महिने वाया जातात. दुर्बिणीतून बघताना टीबीचे व्रण बहुधा आडवे, क्रोन्सचे उभे लांबट, पण एवढ्यावर कुणी छातीठोक सांगू नये.

पोटात पाणी झालं असेल तर त्यातलं एडीए नावाचं एन्झाइम बघतात, साधारण ४० च्या वर गेलं की टीबीकडे बोट. २०१० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जीनएक्सपर्टला (टीबीच्या जंतूचा डीएनए शोधणारी तपासणी) मान्यता दिली, पॉझिटिव्ह आली तर भरवशाची टेस्ट, पण आतड्याच्या तुकड्यात ती पुष्कळदा निगेटिव्ह येते, म्हणून निगेटिव्ह म्हणजे टीबी नाही असं अजिबात नाही.

आमच्या घरातल्या एका पेशंटच्या वेळी बायोप्सीचे (तपासायला काढलेले आतड्याचे) सगळे तुकडे फॉर्मालिनच्या बाटलीत गेले. फॉर्मालिनमध्ये जंतू मरतो, मग कल्चर, म्हणजे लॅबमध्ये जंतू वाढवून बघणं, होणार कसं? एखादा तुकडा सलाईनमध्ये वेगळा पाठवायला हवा होता, तो राहिला, आणि शेवटी 'गोळ्या सुरू करून बघू' यावरच आलं. दुर्बिणीच्या आधीच विचारा, कल्चरचा तुकडा वेगळा घेणार ना?