दोनदा वाजलेले साडेअकरा

अमेरिकेच्या बहुतेक भागात नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी पहाटे दोनला घड्याळे पुन्हा एकवर आणतात. त्या रात्री दीड दोनदा वाजतो आणि नुसती '१:३०' अशी नोंद असेल, तर पहिला दीड की दुसरा हे प्रोग्रॅमला कळायला मार्ग नाही. बेळगाव-निपाणीकडची मुले परदेशी क्लायंटची कामे करतात, तेव्हा हे दुखणे तिकडचेच असे धरून चालतात. ते खरे नाही.

दुसऱ्या महायुद्धात १ सप्टेंबर १९४२ पासून भारताची घड्याळे तासभर पुढे होती. १५ ऑक्टोबर १९४५ ला ती मागे आली. कुठे कधी घड्याळे बदलली याची संगणक वापरतात ती यादी म्हणजे टाइमझोन डेटाबेस; त्यातली भारताची, 'एशिया/कोलकाता' ही नोंद पाहिली, तर १४ ऑक्टोबरच्या रात्री अकरा ते बारा हा तास दोनदा येतो. बेळगाव तेव्हा मुंबई प्रांतात होते. इथला सूर्य एरवीही प्रमाणवेळेच्या सुमारे ३२ मिनिटे मागे. त्या तीन वर्षांत तो माथ्यावर यायला घड्याळात जवळजवळ दीड वाजे.

जुने ज्योतिषी हे जाणून असत. त्या काळातल्या जन्मवेळेतून ते 'वॉर टाइम'चा तास वजा करत. लग्नरास साधारण दोन तासांनी बदलते, तेव्हा तासाच्या चुकीने कुंडलीच दुसरी होऊ शकते. भारताची वेळ ग्रीनिचच्या सरसकट साडेपाच तास पुढे धरणारी कुंडलीची ॲप नेमकी इथे फसतात.

आर्थर डेव्हिड ओल्सन यांनी हा डेटाबेस १९८६ च्या सुमारास सुरू केला. दोनदा येणाऱ्या तासाचे उत्तर मात्र प्रोग्रॅमिंगच्या भाषांना उशिरा सुचले. सी मध्ये घड्याळ पुढे केलेले आहे की नाही हे सांगणारा 'टीएम_आयएसडीएसटी' हा एक झेंडा (खूण) होता, तेवढाच. जावा ८ ने २०१४ मध्ये आधीचा तास गृहीत धरून नंतरचा मागायची सोय दिली. पायथनमध्ये 'फोल्ड' आला तो २०१६ च्या ३.६ आवृत्तीत: शून्य म्हणजे पहिला, एक म्हणजे दुसरा. मला हीच रीत सरळ वाटते.

१९०६ पूर्वीच्या नोंदींना मात्र फोल्डही कामाचा नाही. तिथे १८७० पासून डेटाबेस मद्रास वेळ देतो. प्रमाणवेळेपेक्षा ३९ मिनिटे मागे असलेली मुंबई वेळ त्यात नाहीच, कारण १९७० नंतर ज्या भागांची घड्याळे वेगळी चालली त्यांनाच डेटाबेस वेगळा झोन देतो. जुन्या कागदावर मुंबई वेळ असेल, तर ती ३९ मिनिटे हातानेच मिळवावी लागतात.