लोणचं मुरतं, किमची आंबते

‘किमची म्हणजे कोरियन लोणचंच की!’ हे मी इतक्यांदा ऐकलंय की आता वाद घालायचाही कंटाळा येतो. पण कोरियन मालिका बघून हौसेने किमची घालणाऱ्यांची बरणी बिघडते ती बहुतेक याच समजुतीपायी, म्हणून एकदा लिहूनच टाकते.

लोणच्याचं तुम्हाला मी काय सांगणार? कैरीच्या फोडी, मीठ, मोहरीची डाळ, गार केलेली फोडणी, वर तेल. ओला चमचा घातला की घरात आरडाओरडा. पुढे चला.

घोळ आहे तो आंबटपणाचा. कैरी किंवा लिंबू आपला आंबटपणा सोबत घेऊनच बरणीत उतरतं. भरपूर मीठ आणि तेल फक्त राखण करतात, जिवाणूंना आत थारा देत नाहीत. म्हणून लोणचं मुरतं, आणि ‘आंबलं’ म्हटलं की ते गेलं. किमची ज्याची घालतात तो चिनी कोबी मुळात आंबट नसतोच. त्याची आंबट चव बरणीत तयार होते, आणि ती करतात जिवाणूच. इडलीच्या पिठात असणारा ल्युकोनोस्टॉक हा जिवाणू किमचीतही असतो. म्हणजे नातं जोडायचंच तर ते इडलीच्या पिठाशी जोडा.

कृती बघितली की हे पटतं. कोबीचे उभे भाग करून पानापानांत खडेमीठ भरतात आणि काही तास ठेवतात. जाड देठ मोडण्याऐवजी वाकायला लागला की ते मीठ दोन-तीन पाण्यांनी चक्क धुऊन टाकतात! लोणच्याची सवय असलेला हात इथे अडतो. पण उरलेलं दोन-तीन टक्के मीठच नेमकं हवं असतं: नको ते जिवाणू दबतात, हवे ते वाढतात. मग तांदळाच्या पिठाची खळ, गोचुगारू हे जाडसर तिखट, लसूण, आलं, खारवलेला जवळा, मुळ्याचा कीस. तेलाचा थेंब नाही. बरणीत दाबून भरायचं, रस वर आला पाहिजे, आणि वर चार बोटं जागा सोडायची. मी ती सोडली नव्हती. तिसऱ्या दिवशी झाकण फिरवलं तर सोड्याच्या बाटलीसारखा आवाज, आणि लाल रस ओट्यावरून थेट फरशीवर. मावशी म्हणाली, ‘अगं, आंबलंय ते, टाक!’ आंबायलाच ठेवलं होतं, मावशी. आपल्या उन्हाळ्यात एक दिवस बाहेर पुरतो, मग फ्रीज.

म्हणून व्हिनेगर घातलेली ‘झटपट किमची’ दिसली की माझं डोकं फिरतं. ती कोशिंबीर आहे. न आंबवता लगेच खायचा प्रकार कोरियातही आहे, पण त्याला गॉतजॉरी असं वेगळं नाव आहे. आणि लोणच्याचा कोरियन भाऊच हवा असेल तर तो जांगाज्जी: सोया सॉसमध्ये मुरवलेली लसूण, काकडी, मिरची.

बाकीचे फरक किरकोळ. किमची चिमूटभर वाढत नाहीत. भाताबरोबर येणाऱ्या बानचानमध्ये, म्हणजे तोंडीलावण्यांत, ती जवळपास रोजची, आणि कोरियात हॉटेलात संपली की बहुधा पुन्हा फुकट आणून देतात. हिवाळ्याआधी सगळ्यांनी मिळून ती घालण्याच्या प्रथेला, किमजांगला, युनेस्कोने 2013 साली वारसा यादीत घेतलं. आपल्याकडे उन्हाळ्यात कैऱ्या फोडायला शेजारणी जमतात तसंच काहीसं. गोचुगारू नसेल तर ब्याडगीची भरड चालेल, लवंगीच्या वाटेला जाऊ नका. शाकाहारी असाल तर विकतच्या बरणीवरचं वाचा, आत बहुधा मासळी असते.

आणि फार आंबट झाली म्हणून फेकू नका. जुन्या किमचीला मुगुनजी म्हणतात, आणि किमची-जिगे हा टोफू किंवा पोर्क घातलेला उकळता रस्सा तिचाच करावा. ताज्या किमचीचा केलात तर पाणचट होतो.