अमेरिकेतली रेसिडेन्सी: शिफारसपत्रापाशी अर्ज का अडतो?

एमबीबीएस करून अमेरिकेत इमर्जन्सी मेडिसिनच्या रेसिडेन्सीला, म्हणजे हॉस्पिटलमधल्या पदव्युत्तर प्रशिक्षणाला, अर्ज करणाऱ्या आपल्या मुलांचं घोडं बऱ्याचदा एकाच कागदावर अडतं. तो कागद म्हणजे 'स्लो', स्टँडर्डाइज्ड लेटर ऑफ इव्हॅल्युएशन हे शिफारसपत्र. 'स्टेप' या अमेरिकेतल्या परवाना परीक्षांचे स्कोअर, ट्रान्सक्रिप्ट, डीनचं पत्र, पर्सनल स्टेटमेंट ही कागदपत्रं धावपळ केली की जमतात. स्लो तसा जमत नाही.

कारण तो ठरावीक नमुन्याचा फॉर्म असतो. इमर्जन्सी मेडिसिनच्या रेसिडेन्सी संचालकांच्या संघटनेने, म्हणजे कॉर्डने, तो १९९० च्या दशकात आणला. सगळीच पत्रं गोड असली तर निवड कशावर करायची, हा तेव्हाचा प्रश्न होता. म्हणून उमेदवार बरोबरीच्या इतरांच्या तुलनेत कुठे बसतो आणि आपल्या विभागाच्या रँक लिस्टमध्ये, म्हणजे निवडीच्या पसंतीक्रमात, साधारण कुठे येईल, हे लिहिणाऱ्याला थेट नोंदवावं लागतं. आपल्याकडचं पत्र काय म्हणतं? 'प्रामाणिक, कष्टाळू, वर्तणूक चांगली.' ते चारित्र्याचा दाखला म्हणून ठीक आहे, पण त्यातून रात्रीच्या ड्युटीला हा मुलगा रुग्ण कसा हाताळतो हे कळत नाही.

स्लो सहसा तिथल्या रेसिडेन्सी असलेल्या विभागात रोटेशन केल्यावर, त्या विभागातले शिक्षक मिळून लिहितात. रेसिडेन्सी नसलेल्या ठिकाणच्या इमर्जन्सी डॉक्टरांसाठी वेगळा नमुना आहे, पण त्यांनीही तुमचं काम पाहिलेलं असावं लागतं. आणि हँड्स-ऑन इलेक्टिव्ह, म्हणजे रुग्णांसोबत प्रत्यक्ष काम करायला मिळणारं रोटेशन, बहुतेक ठिकाणी फक्त विद्यार्थ्यांना मिळतं. पदवी हातात पडली की उरते ती ऑब्झर्व्हरशिप, म्हणजे मागे उभं राहून बघणं. त्यावर स्लो मागू नका, मिळणार नाही. इंटर्नला विद्यार्थी धरायचं की नाही हे प्रत्येक संस्था आपापलं ठरवते. म्हणून इलेक्टिव्हची चौकशी फायनल इयर लागायच्या आधीच करा आणि उत्तर ईमेलवर लेखी घ्या. वेबसाइटवर 'एक स्लो आवश्यक' एवढं लिहून मोकळं व्हायचं आणि परदेशी पदवीधराने तो कुठून आणायचा याबद्दल अक्षर काढायचं नाही, हे मला अजिबात पटत नाही. पण नियम त्यांचे आहेत, तेव्हा फी भरण्याआधी त्या प्रोग्रामला विचारून घ्या.

अर्ज कुठे करायचा यातही घोळ होतो. बहुतेक शाखा इरास या ऑनलाइन अर्ज यंत्रणेवर आहेत. स्त्रीरोग शाखेने २०२४ च्या आणि इमर्जन्सी मेडिसिनने २०२५ च्या सीझनपासून रेसिडेन्सीकॅस ही दुसरी यंत्रणा धरली. दोन्ही यंत्रणा वेगळ्या आहेत. एकीकडे चढवलेलं पत्र दुसरीकडे आपोआप जात नाही, पत्र देणाऱ्या सरांना पुन्हा विनंती करावी लागते.

इरासवर प्रत्येक पत्राची नोंद करून लेटर रिक्वेस्ट फॉर्म काढायचा. त्यावरचा आयडी त्या एका पत्राचाच असतो. एकाच मॅडम मेडिसिन आणि फॅमिली मेडिसिनसाठी दोन पत्रं देणार असतील तर फॉर्मही दोन हवेत. फॉर्मची अदलाबदल झाली तर फॅमिली मेडिसिनचं पत्र मेडिसिनच्या प्रोग्रामकडे जातं. नोंद कन्फर्म केल्यावर बदलता येत नाही, म्हणून नाव आणि हुद्दा आधी तपासा.

अपलोड लिहिणाऱ्यानेच करायचं असतं. एचओडींना पोर्टल जमत नसेल तर ते विभागातल्या क्लार्कला नेमू शकतात. तुम्ही स्वतः किंवा तुमच्या घरच्यांनी ते करायचं नाही. 'तूच लिहून आण, मी सही करतो' असं कोणी म्हणालं तर नम्रपणे नाही म्हणा आणि त्याऐवजी तुम्ही पाहिलेल्या केसेसची यादी त्यांना द्या. पत्र स्वतः बघण्याचा हक्क सोडायचा का, असं अर्जात तुम्हाला विचारलं जातं. सोडा. हक्क राखून ठेवलेल्या पत्रावर वाचणाऱ्याचा विश्वास कमी बसतो.

इरासमधली सप्टेंबरअखेरची तारीख बरेच जण चुकीची वाचतात. त्या दिवशी प्रोग्राम अर्ज उघडू शकतात. पत्रांची ती अंतिम तारीख नव्हे. एका पत्रासाठी अख्खा अर्ज रोखून बसू नका. प्रत्येक प्रोग्रामला चार पत्रं जोडता येतात, त्यातली रिकामी जागा नंतरही भरता येते. मात्र काही प्रोग्राम पत्रांसाठी स्वतःची मुदत ठेवतात, आणि ती त्यांच्याच वेबसाइटवर सापडते.